सिमेंटची गोणी उचलताना कमरेवर खरा भार किती येतो?

सिमेंटची भरलेली गोणी 50 किलोची. पण ती वाकून उचलताना तुमची कंबर 50 किलोवर सुटत नाही.

पहार आठवा. लांबच्या टोकावर थोडा जोर दिला की टेकूजवळचा मोठा दगड हलतो. वाकून ओझे उचलताना हीच पहार आपल्याविरुद्ध चालते. कमरेचा मणका हा टेकू. ओझे हातात, म्हणजे टेकूपासून लांब. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र टेकूला लागूनच, साधारण 5 सेंटीमीटरवर. समजा घमेले 20 किलोचे आहे आणि मणक्यापासून 50 सेंटीमीटर पुढे आहे. अंतर दहापट, म्हणून स्नायूंवरची ओढही दहापट, म्हणजे 200 किलो वजनाइतकी. वाकलेल्या धडाचे वजन त्यात धरलेले नाही! हा दाब मणक्यांमधल्या चकतीवर येतो. तेच घमेले 25 सेंटीमीटरवर, पोटाशी धरले की ओढ निम्मी होते.

म्हणून "गुडघे वाकवून उचला" हा नेहमीचा सल्ला अपुरा आहे. गुडघे वाकले आणि ओझे पुढेच राहिले, तर कमरेला फारसा आराम नाही. पाय फाकवून ओझे पावलांच्या मध्ये घ्या, अंगाशी आणा, मग उठा. वळताना कंबर न पिळता पाय वळवा. दोघे उचलत असाल तर लक्षात ठेवा, ओझ्याच्या मध्याजवळ असणाऱ्यावर जास्त भार येतो.

नियम काय सांगतो? इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत, दुसऱ्या कामगाराची किंवा यंत्राची मदत नसेल तर प्रौढ पुरुषासाठी 55 किलो आणि प्रौढ महिलेसाठी 30 किलो ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे भरलेली गोणी एकट्या महिलेला उचलायला लावता येत नाही. पुरुषासाठी ती मर्यादेत बसते, तरी वरचा हिशेब पाहता दोघांनी उचललेली बरी.

तुमचे वय 18 ते 60 असेल आणि मागील 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केले असेल, तर आपल्या राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते. अपघातात तातडीची मदत व मोठ्या आजारात उपचारखर्च या मंडळांच्या कामांत येतो. रक्कम आणि अटी राज्यानुसार वेगळ्या असतात. कंबरदुखीबरोबर पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि उपचाराचे कागद जपून ठेवा.