बिअर माईल

बिअर माईल ही धावणे आणि बिअर पिणे यांचा मेळ घालणारी, एक मैल अंतराची हौशी शर्यत आहे. स्पर्धकाला ४०० मीटर लांबीच्या धावमार्गावर चार फेऱ्या धावाव्या लागतात व प्रत्येक फेरीपूर्वी ३५५ मिलिलिटर बिअर संपवावी लागते. चारही बिअर पिऊन आणि चारही फेऱ्या पूर्ण करून सर्वांत कमी वेळात अंतिम रेषा ओलांडणारा स्पर्धक विजयी ठरतो. शर्यत सुरू असताना उलटी झाल्यास दंड म्हणून एक जादा फेरी धावावी लागते. हा अधिकृत ॲथलेटिक्समधील क्रीडाप्रकार नाही. कॅनडातील विद्यार्थी धावपटूंमध्ये गंमत म्हणून रुजलेल्या या शर्यतीला आज लिखित नियम, नोंदलेले विक्रम आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहेत.

इतिहास

या शर्यतीच्या आजच्या स्वरूपाचा उगम कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील बर्लिंग्टन या गावी सांगितला जातो. ऑगस्ट १९८९ मध्ये तेथील काही तरुण धावपटूंनी प्रत्येक फेरीला एक बिअर पिऊन मैलभर धावण्याची पैज लावली. त्यांच्यापैकी काही जण पुढे किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठात शिकावयास गेले आणि हा खेळ त्यांच्याबरोबर तेथे पोहोचला. किती बिअर, कोणत्या तीव्रतेची, कॅनला छिद्र पाडल्यास चालेल काय, उलटी झाली तर काय, असे प्रश्न प्रत्येक शर्यतीत उपस्थित होऊ लागल्याने विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी नियमावली तयार केली. ती ‘किंग्स्टन नियम’ या नावाने ओळखली जाते. महाजालाच्या प्रसाराबरोबर ही नियमावली इतर देशांत गेली. सर्वांनी एकच मोजमाप स्वीकारल्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी धावलेल्या स्पर्धकांच्या वेळांची तुलना करणे शक्य झाले.

नियम

किंग्स्टन नियमांतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

• प्रत्येक स्पर्धकाने चार बिअर प्याव्यात व चार फेऱ्या धावाव्यात. क्रम प्रथम बिअर, नंतर फेरी असा असतो. पहिली बिअर शर्यत सुरू झाल्यावरच उघडायची असल्याने ती पिण्याचा वेळही मोजला जातो.

• बिअर ३५५ मिलिलिटरच्या कॅनमधून किंवा बाटलीतून प्यावी. तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने किमान ५ टक्के असावे. सफरचंदापासून बनणारे सायडर व तत्सम पेये बिअर म्हणून चालत नाहीत.

• पिण्याचा वेग वाढावा म्हणून कॅनला छिद्र पाडण्यास किंवा रुंद तोंडाचा कॅन वापरण्यास मनाई आहे.

• बिअर आरंभरेषेलगतच्या ठरावीक पट्ट्यातच प्यावी. पट्टा सोडण्यापूर्वी ती संपलेली असावी.

• अंतिम रेषा ओलांडण्यापूर्वी उलटी झाल्यास चौथ्या फेरीनंतर एक दंडफेरी धावावी लागते. उलटी एकाहून अधिक वेळा झाली तरी दंडफेरी एकच असते.

४०० मीटरच्या चार फेऱ्यांचे अंतर १६०० मीटर होते, तर मैल १६०९ मीटरांहून किंचित अधिक असतो. ही तूट भरून काढण्यासाठी स्पर्धकांना अंतिम रेषेच्या सुमारे ९ मीटर मागून सोडले जाते. बिअर संपल्याची खूण म्हणून रिकामा कॅन डोक्यावर उलटा धरण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. मोठ्या स्पर्धांत मात्र एवढ्यावर भागत नाही. तेथे शर्यतीनंतर चारही कॅनमधील उरलेली बिअर व फेस एकत्र करून मोजतात.

शारीरिक आव्हान

या शर्यतीत दारू चढल्यामुळे धावणे कठीण होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात शर्यत चालू असताना मद्यार्काचा परिणाम मर्यादित असतो. प्यायलेल्या मद्यार्कापैकी बराचसा भाग लहान आतड्यात पोहोचल्यावर रक्तात शोषला जातो आणि रक्तातील त्याचे प्रमाण साधारणतः अर्ध्या ते दीड तासाने सर्वाधिक होते. चांगला स्पर्धक पाच-सहा मिनिटांत, तर नवखा दहा-पंधरा मिनिटांत शर्यत संपवतो. त्यामुळे नशेचा मुख्य अंमल सुरू होतो तो शर्यत संपल्यानंतर.

खरी अडचण पोटातील द्रवाची आणि वायूची असते. चार बिअर म्हणजे १४२० मिलिलिटर द्रव होय. भारतात मिळणाऱ्या ६५० मिलिलिटरच्या दोन मोठ्या बाटल्यांपेक्षा तो थोडा अधिकच भरतो. बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणजे चार कॅनमधून साडेतीन लिटरांच्या आसपास वायू मोकळा होऊ शकतो. धावताना बसणाऱ्या हादऱ्यांमुळे तो फेसाच्या रूपाने झपाट्याने सुटतो आणि जठरावर ताण येतो. धाप लागलेली असताना घोट घेणेही अवघड जाते, कारण गिळताना श्वास क्षणभर थांबवावा लागतो.

म्हणूनच धावता धावता ढेकर देऊन वायू बाहेर टाकणे हे या शर्यतीतील महत्त्वाचे कौशल्य मानले जाते. अनेक स्पर्धक थंडगार बिअरऐवजी कोमट बिअर पसंत करतात. थंड द्रवात वायू अधिक काळ विरघळून राहतो व पोटात ऊब मिळताच सुटू लागतो. कोमट बिअरमधील वायूचा काही भाग कॅन उघडताच निघून जातो. बहुतेकांना तिसरी बिअर आणि त्यानंतरची फेरी सर्वांत जड वाटते.

सराईत स्पर्धक एक बिअर ५ ते ८ सेकंदांत संपवतात, तर नवख्याला एकेका कॅनसाठी मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. परिणामी उत्तम धावपटू पिण्यात मागे पडतो आणि झरझर पिणारा धावण्यात. दोन्ही कौशल्ये एकाच व्यक्तीत क्वचितच आढळतात. या शर्यतीची गंमत त्यातच आहे.

विक्रम

दीर्घकाळ पाच मिनिटांची मर्यादा ही या शर्यतीतील सीमारेषा समजली जात होती. रॉजर बॅनिस्टर यांनी १९५४ मध्ये चार मिनिटांच्या आत मैल धावून जो अडसर मोडला, त्याच्याशी तिची विनोदाने तुलना केली जाई. त्यानंतर साठ वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, अमेरिकेचे जेम्स नील्सन यांनी ४ मिनिटे ५७.१ सेकंद अशी वेळ नोंदवली. त्या धावेची चित्रफीत महाजालावर प्रसारित झाली आणि शर्यतीला व्यापक प्रसिद्धी मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा या नावाने शर्यत भरली. पुरुषांमध्ये कॅनडातील विनिपेगचे पोस्टमन कोरी गॅलाघर ५ मिनिटे ०.२३ सेकंद वेळेसह विजयी झाले.

महिलांमध्ये कॅनडाच्या शॉना रॉबिन्सन यांचा ६ मिनिटे ४२ सेकंदांचा विक्रम १९९० च्या दशकापासून अबाधित होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्टिनच्या ख्रिस किम्ब्रो यांनी ६ मिनिटे २८.६ सेकंदांत शर्यत पूर्ण करून तो मोडला. त्या वेळी त्या ४४ वर्षांच्या आणि सहा मुलांच्या आई होत्या. पुढच्याच महिन्यात एलिझाबेथ हर्न्डन यांनी ही वेळ ६ मिनिटे १७.८ सेकंदांपर्यंत खाली आणली.

कॅनडाचे कोरी बेलमोर हे या शर्यतीतील सर्वांत यशस्वी धावपटूंपैकी एक आहेत. २०१६ मध्ये लंडन येथे त्यांनी ४ मिनिटे ३४.३५ सेकंद, तर २०२१ मध्ये ४ मिनिटे २८.१ सेकंद अशी वेळ दिली. बिअरविना धावलेल्या मैलाचा हिशाम एल गरूज यांचा १९९९ मधील जागतिक विक्रम ३ मिनिटे ४३.१३ सेकंदांचा आहे. दोहोंत केवळ ४५ सेकंदांचे अंतर उरते.

२०१८ मध्ये व्हँकुव्हर येथे बेलमोर यांनी याहूनही कमी, सुमारे ४ मिनिटे २४ सेकंदांची वेळ दिली होती. परंतु त्यांच्या कॅनमधील उरलेली बिअर मोजली असता ती ४ औंस, म्हणजे सुमारे ११८ मिलिलिटर, या मर्यादेपेक्षा अर्ध्या औंसाने अधिक भरली. सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे एका मोठ्या चमच्याएवढ्या, बिअरपायी ते अपात्र ठरले व विक्रम नोंदवला गेला नाही. थट्टेतून जन्मलेल्या शर्यतीत मोजमाप मात्र थट्टेवारी नेले जात नाही, याचे उदाहरण म्हणून या प्रसंगाचा उल्लेख होतो.

धोके

शर्यतीत सुमारे ७१ मिलिलिटर, म्हणजे जवळपास ५६ ग्रॅम शुद्ध मद्यार्क काही मिनिटांत शरीरात जातो. तो पूर्णपणे निघून जाण्यास साधारणतः ५ ते ८ तास लागतात. अंतिम रेषेवर पूर्ण शुद्धीत असलेल्या स्पर्धकाचा तोल अर्ध्या तासाने जाऊ शकतो. म्हणून बरे वाटत असले तरी शर्यतीनंतर वाहन चालवणे धोक्याचे असते. उलटी श्वासनलिकेत जाणे हा गंभीर धोका असून ग्लानी आलेल्या व्यक्तीला एकटे न सोडता कुशीवर निजवणे आवश्यक असते. मद्यपानाचे कायदेशीर वय न झालेल्या, गर्भवती, यकृताचे वा हृदयाचे विकार असलेल्या अथवा मद्यार्काशी विसंगत औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी या शर्यतीत भाग घेऊ नये.

तत्सम प्रकार

मद्य न घेणाऱ्यांसाठी बिअरऐवजी दूध पिऊन धावण्याचा प्रकार प्रचलित आहे. धावणे व मद्यपान यांची सांगड घालणारी याहून जुनी परंपरा ‘हॅश हाऊस हॅरियर्स’ या मंडळांची आहे. त्यांची सुरुवात १९३८ मध्ये क्वालालंपूर येथे झाली. तेथे मात्र घड्याळाला महत्त्व नसते. आखलेल्या खुणांचा माग काढत सर्वांनी मिळून धावायचे आणि शेवटी एकत्र बसून बिअर प्यायची, असे त्याचे स्वरूप असते. फ्रान्समधील बोर्दोजवळ भरणाऱ्या मेदोक मॅरेथॉनमध्ये धावपटूंना वाटेतील थांब्यांवर वाइन दिली जाते.