लिहिणारे, चालवणारे आणि मधली भिंत

बँक, विमा कंपनी किंवा शेअर बाजार यांच्या संगणकप्रणालीचा कारभार बहुधा दोन विभागांत वाटलेला असतो. प्रणाली लिहिणारा विभाग म्हणजे डेव्हलपमेंट आणि ती सर्व्हरवर चढवून अहोरात्र चालती ठेवणारा विभाग म्हणजे ऑपरेशन्स. पहिल्याचे कौतुक होते ते नव्या सोयी लवकर दिल्याबद्दल. दुसऱ्याचे, काही बंद न पडल्याबद्दल. बदल म्हटला की बिघाडाची शक्यता आलीच. त्यामुळे एकाचे यश दुसऱ्याची डोकेदुखी ठरते. या दोन्ही कामांची जबाबदारी एकत्र बांधणाऱ्या कार्यपद्धतीला डेव्हऑप्स म्हणतात. तिची अवजारे विकत मिळतात. जबाबदारीची फेरवाटणी मात्र कंपनीला स्वतः करावी लागते, आणि मोठ्या कंपन्यांचे घोडे बहुतेकदा तिथेच अडते.

साचलेल्या बदलांचा धोका

विभाग वेगळे असले की बदल साचत जातात. तीन महिन्यांचे काम एकत्र करून शनिवारी रात्री मोठा रिलीज होतो. त्याआधी मंजुरीसाठी समितीची बैठक, लांबलचक अर्ज, सह्या. इतके करूनही सकाळी व्यवहार अडले, तर शेकडो बदलांपैकी नेमका कोणता नडला हे शोधण्यात दिवस जातो.

हाताने केलेल्या कामाची जोखीम किती मोठी असू शकते, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत दिसले. नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवी प्रणाली चढवली. त्यातला एक सर्व्हर राहून गेला. त्यावरचा जुना, वापरातून गेलेला प्रोग्रॅम अचानक जागा झाला आणि चुकीच्या ऑर्डरी सुटत राहिल्या. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

यावरचा उपाय वरकरणी उलटा वाटतो: बदल कमी वेळा करण्याऐवजी छोटे करून वारंवार करायचे. जून २००९ मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी दिवसाला दहाहून अधिक रिलीज कसे करता येतात हे एका परिषदेत मांडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डेबॉय यांनी बेल्जियममधील गेंट येथे ‘डेव्हऑप्स डेज’ ही पहिली बैठक भरवली. छोट्या बदलात चूक लवकर सापडते आणि तो मागे घेणेही सोपे जाते.

मुंबईच्या बँकांचा धडा

महाराष्ट्रात हा प्रश्न चव्हाट्यावर आला तो बँकांमुळे. दोन वर्षांत वारंवार सेवा खंडित झाल्यानंतर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये मुंबईस्थित एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नव्या ग्राहकांना क्रेडिट कार्ड देणे तात्पुरते थांबवायला सांगितले. त्याआधी २१ नोव्हेंबरला मुख्य डेटा सेंटरमधील वीजपुरवठा बंद पडून सेवा ठप्प झाली होती. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली आणि उरलेले निर्बंध मार्च २०२२ मध्ये. मधल्या काळात बँकेने तंत्रज्ञान विभागाची नवी मांडणी जाहीर केली. एंटरप्राइज फॅक्टरीकडे जुन्या प्रणालींची सुधारणा आणि एकूण तंत्रज्ञानाचा पाया सोपवला, तर डिजिटल फॅक्टरीकडे नवी उत्पादने.

एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई झाली. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. त्या आदेशात रिझर्व्ह बँकेने दाखवलेल्या त्रुटींमध्ये पॅच, म्हणजे प्रणालीतल्या छोट्या दुरुस्त्या, आणि बदलांचे व्यवस्थापन ही एक होती. म्हणजे प्रणालीत बदल कसा केला जातो, हा आता कंपनीच्या आतला तांत्रिक मामला राहिलेला नाही. त्याचा जाब नियामक विचारतो.

संघांच्या चार रचना

मेल्विन कॉन्वे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवले होते, की संस्था जशी विभागलेली असते तशीच तिची प्रणालीही विभागली जाते. म्हणून डेव्हऑप्स आणताना आधी माणसांची मांडणी बदलावी लागते. मोठ्या कंपन्यांत तिचे चार प्रकार प्रामुख्याने दिसतात.

पहिला प्रकार उत्पादनवार संघाचा. कर्जाचा अर्ज, पैसे पाठवणे अशा एकेका सेवेसाठी आठ-दहा जणांचा कायमचा संघ असतो. लिहिणारे, तपासणारे आणि चालवणारे त्यातच. ॲमेझॉनचे वर्नर वोगल्स यांनी २००६ मध्ये याचे सूत्र सांगितले: जो बांधेल तोच चालवेल. रात्री दोनला फोन वाजला तर प्रोग्रॅम लिहिणाराच उठतो, म्हणून तो लिहितानाच काळजी घेतो.

दुसरा प्रकार गूगलने २००३ पासून रुजवला. तिथे सेवा चालवण्याचे काम प्रोग्रॅमिंग येणाऱ्या अभियंत्यांकडे दिले आणि बंद पडण्याची मुभाही आधीच ठरवून टाकली. सेवा ९९.९ टक्के चालू ठेवायची असेल तर ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटांची सूट मिळते. ती संपली की नव्या सोयी थांबवून दुरुस्ती करायची. वादाच्या जागी आकडा आला.

तिसरा प्रकार प्लॅटफॉर्म संघाचा. शंभर संघांनी शंभर प्रकारे सर्व्हर मांडले तर गोंधळ होतो. म्हणून एक संघ सर्वांसाठी तयार व्यवस्था उभी करतो. बाकीच्यांनी ती स्वतः, कोणाकडे तिकीट, म्हणजे मदतीची लेखी विनंती, न टाकता वापरायची. मॅथ्यू स्केल्टन आणि मॅन्युएल पेस यांच्या २०१९ च्या पुस्तकाने ही रचना लोकप्रिय केली. नवी पद्धत शिकवून काही महिन्यांनी बाजूला होणारा मदतनीस संघही त्यांनी सुचवला.

चौथा प्रकार सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा: ऑपरेशन्सच्या दारावर ‘डेव्हऑप्स टीम’ अशी नवी पाटी. यात एका भिंतीच्या दोन होतात.

टप्प्याटप्प्याने स्वीकार

सुरुवात सहसा एका सेवेपासून केली जाते; ती फार किरकोळ नसावी आणि बँकेचा गाभाही नसावा. प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ आणि सर्व्हरची मांडणी गिटसारख्या नोंदव्यवस्थेत ठेवतात, म्हणजे कोणी, कधी, काय बदलले ते दिसते. प्रत्येक बदलावर चाचण्या आपोआप चालतात. त्यांत उत्तीर्ण झालेला बदल आधी थोड्याच ग्राहकांपर्यंत सोडतात आणि ठीक चालला तरच सर्वांना देतात.

हे थोडे ग्राहक कोणते, यालाही महत्त्व आहे. चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगड पहाडावरच्या जिवतीसारख्या तालुक्यात मोबाइलची रेंज जेमतेम. तिथे पैसे अडकले तर दोष रेंजचा की सर्व्हरचा, हे ग्राहकाला कळत नाही; नोंदी नीट ठेवल्या नसतील तर कंपनीलाही कळत नाही. मुंबई-पुण्यातल्या वेगवान नेटवर्कवर उत्तीर्ण झालेले ॲप पहाडावर अर्ध्यातच थांबू शकते. म्हणून मंद नेटवर्कवरची चाचणी, जिल्हावार बिघाडांची नोंद आणि तुटलेला व्यवहार दोनदा होऊ नये याची तजवीज, ही सगळी लिहिणाऱ्या संघाचीच जबाबदारी मानली जाते.

बँकांना आणखी एक अट पाळावी लागते: लिहिणाऱ्याने स्वतःच चालू प्रणालीत बदल घुसवता कामा नये. डेव्हऑप्स या अटीच्या विरुद्ध जाते असा समज आहे. प्रत्यक्षात बदल दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा आणि तो चढवण्याचे काम यंत्रणेने करायचे, अशी सोय केली की नियम पाळला जातो आणि लेखापरीक्षकाला नोंदही मिळते.

बिघाडानंतरच्या बैठकीत ‘कोणी केले’ऐवजी ‘हे होऊ कसे शकले’ असे विचारले जाते. शिक्षेची भीती असली की माणसे माहिती दडवतात आणि तोच बिघाड पुन्हा येतो. प्रगती मोजण्यासाठी निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या २०१८ च्या पुस्तकातील चार मापे वापरली जातात: रिलीज किती वेळा होतो, बदल लिहिल्यापासून चालू होईपर्यंत किती वेळ जातो, किती टक्के बदल बिघडतात आणि सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो. पहिली दोन वेगाची, उरलेली दोन स्थैर्याची. चारही एकत्रच पाहायची.

कंत्राटाची गाठ

भारतातली सर्वांत अवघड अडचण कंत्राटात असते. प्रणाली लिहिण्याचे काम एका आयटी कंपनीकडे आणि सपोर्ट दुसरीकडे, हे अनेक ठिकाणी चालते. सपोर्टचे कंत्राट किती तिकिटे किती वेळात बंद केली यावर बेतलेले असेल, तर तिकिटे येऊच नयेत यात कोणाचाच फायदा नसतो. पाळीतल्या अभियंत्याला तोच बिघाड रोज दिसतो, पण मूळ प्रोग्रॅमला हात लावण्याचा अधिकार त्याला नसतो. प्रकल्प संपताच लिहिणारा संघ पांगतो आणि त्याच्याबरोबर माहितीही जाते.

ही गाठ सोडवायची तर खर्चाची तरतूद प्रकल्पाऐवजी उत्पादनासाठी, वर्षानुवर्षे करावी लागते. कंत्राटात तिकिटांच्या जागी सेवा किती काळ सुरळीत चालली हे मोजावे लागते. आणि महत्त्वाच्या प्रणालींचे जाणकार कंपनीच्या पगारावर ठेवावे लागतात. हे निर्णय अभियंत्यांच्या हातात नसतात. ते संचालक मंडळ, वित्त विभाग आणि खरेदी विभाग घेतात. म्हणून ज्या कंपनीत डेव्हऑप्स फक्त आयटी विभागाचा विषय राहतो, तिथे अवजारे नवी येतात आणि रिलीज पूर्वीसारखाच शनिवारी रात्री होतो.