सावत्र बापाचा कागद

कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना मुलाच्या ताब्याचे दावे रोजचेच. भांडण बहुतेकदा नवरा-बायकोचं असतं. पण कधी कधी आईबरोबर तिचा दुसरा नवराही येतो आणि विचारतो, "मॅडम, कायद्यानं मी या पोराचा कोण?"

असेच एक गृहस्थ आले होते, एसटीच्या वर्कशॉपमधले. प्लास्टिकच्या पिशवीत लसीकरणाचं कार्ड, शाळेचं ओळखपत्र, फीच्या पावत्या नीट लावून आणलेल्या. म्हणाले, "सगळीकडे फोन नंबर माझा आणि नाव त्याचं." मुलगा आठवीत. जन्मदाता कित्येक वर्षं फिरकला नव्हता. शाळेत नाव बदलायचं चाललंय असं कानावर जाताच त्यानं ताब्याचा दावा लावला.

त्यांना खरं सांगणं भाग होतं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात बाप नैसर्गिक पालक आहे आणि आईही. पण सावत्र बाप, सावत्र आई यात येत नाहीत, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. हिंदू वारसा कायद्यातही मृत्युपत्र नसेल तर सावत्र मुलाला मुलगा म्हणून वाटा मिळत नाही. लोक विचारतात, डीएनए चाचणी करू का? तिचा इथे काही उपयोग नाही. रक्त कोणाचं याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमतच असतं.

उपाय आहे तो दत्तकाचा. 2022 च्या दत्तक नियमावलीनुसार आई आणि तिचा नवरा मिळून अर्ज करतात. जन्मदात्या बापाची लेखी संमती बालकल्याण समितीसमोर व्हावी लागते आणि आदेश जिल्हाधिकारी देतात. ताब्याचा दावा चालू असेल, तर तो निकाली निघेपर्यंत प्रक्रिया सुरूच होत नाही. आमच्या या गृहस्थांचं घोडं तिथंच अडलं.

जन्मदात्याची बाजूही मी लढले आहे, म्हणून सांगते: संमती न देणारा प्रत्येक बाप आडमुठा नसतो. दत्तक झालं की त्याचं मुलाशी कायद्याचं नातं तुटतं. हे ऐकून सही करताना कोणाचाही हात थबकेल. मात्र दत्तक होईपर्यंत पोटगीची जबाबदारी त्याचीच राहते. बायकोनं दुसरं लग्न केलं म्हणून मुलाचे पैसे थांबवणं चूक, आणि आईनं त्याच कारणानं मुलाच्या भेटी बंद करणंही तितकंच चूक.

बाप हयात नसला, तरी वाद मिटतोच असं नाही. आंध्रातल्या एका प्रकरणात मूल अडीच महिन्यांचं असताना वडील वारले. आईनं पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. मग आजी-आजोबा पालकत्व मागायला न्यायालयात गेले. उच्च न्यायालयानं मुलाला जन्मदात्याचं आडनाव परत लावायला सांगितलं. आणि कागदपत्रांत जिथे जन्मदात्याचं नाव घालता येत नसेल, तिथे आईच्या नवऱ्याची नोंद 'सावत्र बाप' अशी करायला लावली. दाखला मागताना, परीक्षेचा अर्ज भरताना त्या मुलानं दरवेळी तेवढा एक शब्द वाचायचा! 28 जुलै 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा आदेश रद्द केला. अशी नोंद मुलाच्या मनाचा विचार न करणारी आणि जवळजवळ क्रूर आहे, असं न्यायालयानं म्हटलं. वडिलांच्या पश्चात आईच एकटी नैसर्गिक पालक, त्यामुळे आडनाव ठरवण्याचा आणि मूल दत्तक देण्याचा अधिकार तिचा, हेही सांगितलं. खटला चालू असतानाच, 2019 मध्ये, सावत्र वडिलांनी नोंदणीकृत दत्तकपत्र करून घेतलं होतं.

म्हणून दुसऱ्या लग्नाच्या वेळी सल्ल्याला येणाऱ्या बायकांना मी आधी हेच विचारते, "पहिल्या नवऱ्याशी बोलणं आहे का?" असेल, तर दत्तकाचा विषय तेव्हाच काढा. मूल शाळेत जायच्या आत संमती झाली, तर दाखल्यापासून नाव एकच राहतं. आणि तो नाही म्हणाला, तर निदान सावत्र वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवावं. त्याला कोणाच्या संमतीची गरज नाही.