स्पंजच्या अंगातला नायट्रोजन: जनुक सापडलं म्हणजे काम सापडलं का?

समुद्र नाशिकपासून लांब आहे, म्हणून सुरुवात द्राक्षबागेतूनच करू. मातीत युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो. मग सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. पाणी तुंबून मातीतला ऑक्सिजन संपला, की दुसरे जिवाणू तेच नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू हवेत सोडतात. म्हणजे खताचे पैसे उडाले!

हीच साखळी मुठीएवढ्या समुद्री स्पंजमध्येही चालते. स्पंजला तोंड नाही, पोट नाही. अंगभर छिद्रं असतात, त्यातून तो दिवसभर पाणी ओढतो, गाळतो आणि सोडतो. त्याच्या पेशी टाकाऊ म्हणून अमोनिया बाहेर टाकतात. काही जातींत तर वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग सूक्ष्मजीवांचा असतो. त्यांना हा अमोनिया म्हणजे आयतं जेवण.

स्पंजचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही, हे जाता जाता सांगते. ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन हेन्री जॉन कार्टर याने मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं वर्णन १८४९ मध्ये छापलं. युनापियस कार्टेरी ही जात त्याच्याच नावाची. पण आत राहणारे सूक्ष्मजीव काय काम करतात, हे नुसत्या सूक्ष्मदर्शकातून कळणं शक्य नव्हतं.

आता खरा मुद्दा. प्रस्तावात आपण अगदी सहज लिहितो: 'नमुन्यात अमो-ए जनुक सापडलं, म्हणून स्पंज पाण्यातला नायट्रोजन कमी करतो.' या एका वाक्यात दोन चुका आहेत. अमो-ए हे अमोनियाचं ऑक्सिडीकरण करणाऱ्या एन्झाइमचं जनुक. ते सापडलं म्हणजे क्षमता आहे, काम चालू आहे असं नाही. दुसरं, अमोनियाचं नायट्रेट झालं तरी नायट्रोजन पाण्यातच राहतो, फक्त रूप बदलतं. तो खरंच जातो तो वायू झाल्यावर, म्हणजे विनायट्रीकरणाने किंवा अनॅमॉक्सने. अनॅमॉक्समध्ये अमोनियम आणि नायट्राइट एकत्र येऊन थेट नायट्रोजन वायू होतो, तोही ऑक्सिजनशिवाय.

पण सतत पाणी खेळणाऱ्या प्राण्यात ऑक्सिजन नसलेली जागा कुठून येणार? गंमत अशी, की स्पंज मधूनच पाणी ओढणं थांबवतो. मग आतला ऑक्सिजन काही मिनिटांतच संपू शकतो. शिवाय जाड, मंद उपसा करणाऱ्या स्पंजमध्ये आतला काही भाग तसाही ऑक्सिजनविना असतो. फ्रिडेरिके हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जिओडिया बॅरेटी या थंड पाण्यातल्या स्पंजमध्ये नायट्रीकरण, विनायट्रीकरण आणि अनॅमॉक्स या तिन्ही क्रिया दाखवल्या. जनुकांच्या यादीवर न थांबता त्यांनी क्रिया प्रत्यक्ष मोजल्या.

मोजायचं कसं? साध्या नायट्रोजनच्या अणूचं वजन १४, जड समस्थानिकाचं १५. अमोनियम १५ चं द्या, नायट्राइट १४ चं. अनॅमॉक्स चालू असेल तर दोघांतला एकेक अणू येऊन २९ वजनाचा वायू निघेल. उलट, फक्त नायट्रेट १५ चं दिलं आणि ३० चा वायू आला, तर दोन्ही अणू नायट्रेटमधले, म्हणजे विनायट्रीकरण. मला हा हिशोब फार आवडतो, इतका सरळ आहे.

पण सापळाही इथेच आहे. पहिल्या प्रयोगात बाटलीत थोडा ऑक्सिजन राहिला, तर नायट्रीकरण करणारे सूक्ष्मजीव तुमच्याच १५ च्या अमोनियमचं नायट्राइट करतात. मग ते १५ चं नायट्राइट वापरून ३० चा वायूही निघतो आणि सगळं गणित बिघडतं. म्हणून ऑक्सिजन काढल्यावर तो खरंच गेला का, हे सेन्सरने बघा. निर्जंतुक समुद्रपाण्याचं, स्पंज नसलेलं नियंत्रण ठेवा. आणि कापलेल्या तुकड्याचा दर हा अख्ख्या, पाणी ओढणाऱ्या स्पंजचा दर म्हणून लिहू नका. तुकड्यात उपसा थांबलेला असतो, त्यामुळे ऑक्सिजनविना होणाऱ्या क्रिया फुगून दिसू शकतात.

मालवणच्या खडकांवर ओहोटीला स्पंज दिसतात, पण तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. नमुन्याचा विचार असेल तर वनविभागाकडे परवानगीचा अर्ज आधी टाका, समस्थानिकाची ऑर्डर नंतर द्या.