हिराकस, तुरटी आणि काचेवरचे चेहरे

पनवेलला नगरपालिका मिळाली १८५२ साली. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर छायाचित्र घेण्याची कलोडियनची पद्धत जाहीर केली होती, आणि पुढे दोन वर्षांत, १८५४ मध्ये, खाडीपलीकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. म्हणजे पनवेल बंदरातून मचव्यात बसून मुंबईला जाणाऱ्या माणसाला तिथे आपला चेहरा काचेवर उतरवून घेता येईल, असे दिवस फार लवकर आले होते. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं आपल्याकडचे जवळपास सगळे मोठे चेहरे काचेतूनच आले. त्याआधीच्या माणसांसाठी आपण चित्रकारांवर अवलंबून आहोत. नंतरच्यांचा खरा चेहरा आपल्याला ठाऊक आहे, तो या काचांमुळे.

ही कला साहेबांपुरती राहिली नाही, याचं श्रेय मुंबईतल्या काही माणसांना द्यायला हवं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही वैद्यकीच शिकलेले, पण कॅमेऱ्यात रमलेले. हे घराणं मूळचं गोव्यातलं, पेडण्याकडचं. नारायण दाजी फोटोग्राफिक सोसायटीत वावरले आणि आपल्या लोकांचे फोटो आपल्या नजरेने काढणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांची गणना होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. हौस म्हणून आलेली गोष्ट एका पिढीच्या आत पोटापाण्याचा धंदा झाली होती.

हा धंदा सोपा मुळीच नव्हता. काच आधी इतकी घासायची की तिच्यावर बोटाचा ठसाही उरता कामा नये. मग ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं कलोडियन काचेच्या मध्यावर ओतायचं आणि काच हातात तोलून ते एकेका कोपऱ्यापर्यंत न्यायचं, तव्यावरचं घावन गृहिणी सारखं करते तसं. उरलेलं शेवटच्या कोपऱ्यावरून बाटलीत परत. थर चिकट असतानाच काच अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काही मिनिटं बुडवायची. बाहेर काढली की ती दुधी दिसते, आणि आता ती प्रकाशाला जागी झालेली असते. ठिबकत्या अवस्थेतच ती लाकडी खोक्यात घालून कॅमेऱ्याकडे धाव घ्यायची, कारण थर वाळला की सगळं फुकट. आपल्या उन्हाळ्यात ईथर भराभर उडून जातं. विलायतेतल्या पुस्तकात दहा मिनिटं लिहिली असतील, तर इथे त्याच्या निम्मीही मिळायची नाहीत.

फोटो घेऊन झाला की पुन्हा अंधारात. काचेवर हिराकशीचं पाणी ओतलं की काही सेकंदांत चेहरा वर येऊ लागतो, आणि नेमक्या क्षणी साधं पाणी ओतून त्याला थांबवावं लागतं. पुढे हायपो किंवा चक्क सायनाइड वापरून चित्र पक्कं करायचं, काच वाळवायची, किंचित गरम करून चंद्रसाचं व्हार्निश चढवायचं. या कामात कारागिराची बोटं सिल्व्हर नायट्रेटने काळी पडत, आणि साबणाने ते डाग जात नसत. एवढं सगळं एका फोटोसाठी. हात चुकला, धूळ बसली, गिऱ्हाईक हललं, की दुसरी काच घ्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

गिऱ्हाइकाचीही परीक्षाच असे. प्रकाश येई तो छताच्या उत्तरेकडच्या काचांतून. फोटोवाला काळ्या कापडाखाली डोकं घाली, तेव्हा त्याला घासलेल्या काचेवर माणूस उलटा दिसे, डोकं खाली, पाय वर. भिंगावरचं झाकण हाताने काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचं. कधी पाच सेकंद, कधी पंधरा. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून मागून लोखंडी दांडीचा आधार दिलेला असे. जुन्या उभ्या फोटोंत पावलांच्या मागे नीट पाहा, त्या दांडीचं जड बूड कधी कधी दिसतं. आपले पूर्वज फोटोत इतके गंभीर का, असं पोरं विचारतात. पंधरा सेकंद हसू टिकवून दाखवा म्हणावं, म्हणजे उत्तर मिळेल. पण मला त्या गांभीर्यात आणखीही काही दिसतं. माणूस आपला चेहरा जाणूनबुजून, पूर्ण शुद्धीत, पुढच्या पिढ्यांच्या हवाली करतो आहे, आणि त्याला त्याची जाणीव आहे.

एक गोष्ट मात्र हे फोटो पाहताना कायम लक्षात ठेवावी. त्या काचा निळ्या प्रकाशाला जाग्या होत्या, लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या. म्हणून कपाळावरचं लालभडक कुंकू फोटोत काळं दिसतं, लाल पगडी काळी पडते, निळा रंग मात्र फिका, कधी पांढुरका येतो. उन्हाने रापलेली सावळी त्वचा खऱ्याहून जास्त काळी उतरते आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या खोल दिसतात. मग फोटोवाला वाळलेल्या काचेवर टोकदार पेन्सिलीने अगदी बारीक रेघा मारून चेहरा उजळ करी. आजोबा इतके काळेसावळे होते का, असा प्रश्न घरात निघाला तर दोष आजोबांना देऊ नये.

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची वाट दाखवली, आणि १८८० च्या आसपास त्या कारखान्यात तयार होऊन डझनाच्या खोक्यांत मिळू लागल्या. पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये पकडले गेले, तो काळ नेमका या बदलाचा. आता रसायनांची खोली बरोबर न्यायची गरज उरली नाही. प्लेट आज वापरा, महिन्याने धुवा. मुंबई-पुण्याबाहेर, जिल्ह्याच्या गावी आणि छावण्यांच्या ठिकाणी स्टुडिओ निघाले ते या कोरड्या काचेच्या जोरावर.

बेळगावचा एस. महादेव अँड सन हा अशांपैकी एक. ऑक्टोबर १८९२ मध्ये एक एकोणतीस वर्षांचा बंगाली संन्यासी कोल्हापूरहून बेळगावला आला. आधी वकील भाटे यांच्या मराठी घरात उतरला, मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे. तोवर त्याला देशात फारसं कोणी ओळखत नव्हतं. मित्र यांनी आग्रह धरला आणि संन्याशाला एस. महादेव यांच्या कॅमेऱ्यासमोर उभं केलं. अकरा महिन्यांनी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत तोच संन्यासी स्वामी विवेकानंद म्हणून जगापुढे आला. शिकागोनंतर त्यांचे फोटो पुष्कळ निघाले. कीर्तीच्या आधीचा, नुसत्या परिव्राजकाचा चेहरा ज्या मोजक्या फोटोंत राहिला, त्यांतला एक या गावच्या स्टुडिओचा आहे. मोठा माणूस मोठा होण्याआधी टिपायला मोठ्या शहराचा नामांकित फोटोग्राफर लागत नाही. गावातला आपलं काम चोख करणारा कारागीर आणि आग्रह धरणारा एक यजमान पुरतो. मला या साऱ्या कहाणीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

मुंबईत राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये स्टुडिओ उघडला, तेव्हा ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार म्हणून आधीच गाजलेले होते. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता. तिथे प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावलं आणि तो स्टुडिओ सुटला.

दीनदयाळांच्या काचा वाचल्या, कारण त्यांचं मोल कोणीतरी ओळखलं. लहान स्टुडिओंचं नशीब असं नव्हतं. या धंद्यात काचेला नंबर असे आणि तो वहीत नोंदलेला असे. निगेटिव्ह ठेवली आहे, केव्हाही प्रत मिळेल, असं फोटोच्या पुठ्ठ्यामागे छापलेलं असे. पुढे फिल्म आली, मालक गेले, माळ्यावरच्या जड पेट्या कोणाला नको झाल्या. गरम पाण्यात बुडवून जिलेटिन खरवडलं की स्वच्छ काच मिळते, आणि ती तसबिरीला किंवा खिडकीला बसवता येते. कितीतरी चेहरे जगभर असेच धुतले गेले.

कोकणात त्यात पावसाची भर. जिलेटिन म्हणजे बुरशीचं खाद्य. शिवाय प्लेट धुताना इथल्या कोमट पाण्यात थर कडेने फुगून सुटू लागे, म्हणून इकडचे फोटोवाले प्लेटा तुरटीच्या पाण्यातून काढून थर घट्ट करून घेत. तेवढ्यावरही चार महिन्यांची ओल झेपत नाही. पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यात ज्या काचा अजून शाबूत असतील, त्या घरातल्या कोणीतरी कोरड्या जागी ठेवल्या म्हणूनच.

म्हणून एक विनंती. घर रिकामं करताना, वाडा पाडताना, जुनं दुकान आवरताना जड, काळपट काचांची पेटी सापडली तर भंगारात देऊ नका. काच उजेडासमोर धरा. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेला चेहरा दिसेल. तिची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी मंद. मंद बाजूला बोट लावू नका, ती पुसू नका, धुऊ तर अजिबात नका. फक्त कडांना धरा. एकीवर एक आडव्या रचू नका, साध्या कागदात गुंडाळून उभ्या ठेवा. खोक्यावर, पुठ्ठ्यावर, कागदावर जे नाव किंवा नंबर असेल ते फेकू नका, कारण त्यावाचून चेहरा बेवारस होतो. मागून पांढरा उजेड देऊन मोबाइलने फोटो घेतला आणि रंग उलटे केले तरी माणूस ओळखू येईल. मग गावातल्या ग्रंथालयाशी किंवा इतिहासाच्या अभ्यासकांशी बोला, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तो चेहरा दाखवा. हे काम येत्या पावसाळ्याच्या आधी करा.