नव्या नर्सच्या मनातली भीती



आपल्या मदतीने सातपुड्यातल्या मुली नर्सिंग शिकतात, शपथविधीचा फोटो अंकात छापून येतो आणि काम झाले असे आपल्याला वाटते. खरी कसोटी त्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असते. त्याविषयी आज थोडे लिहिते.

गेल्या वर्षी होळीला धडगाव तालुक्यातल्या आपल्या पाड्यावर गेलेली एक मुलगी कामावर परतायला तयार होईना. जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम तिने चांगल्या गुणांनी पूर्ण केला होता. आईने मला बोलावून घेतले. पोरीचे एकच म्हणणे होते, "ताई, माझ्या हातून कुणीतरी मरेल." (तिच्या परवानगीने लिहीत आहे. नाव देत नाही.)

घडले होते ते असे. रात्रपाळीला तापाने फणफणलेले दहा किलो वजनाचे बाळ आले. डॉक्टरांनी फोनवरून पॅरासिटामॉल सांगितले, वजनाच्या हिशेबाने १५० मिलिग्रॅम. आता हे औषध लहान मुलांसाठी दोन रूपांत मिळते. नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असते, म्हणून या बाळाला ६ मिली लागेल. तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत मात्र एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असते, तिथे दीड मिली पुरते. हिच्या डोक्यात "सहा मिली" आणि हातात थेंबांची बाटली. सिरिंज भरून झाली, म्हणजे चौपट औषध. तेवढ्यात बाळाच्या आईने पावरीत विचारले, "एवढं?" तेव्हा हिने लेबल वाचले.

बाळाला बरोबर मात्रा मिळाली. पण ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही, आणि त्या रात्रीपासून तिची झोप उडाली.

भीती वाईट, ती घालवून टाक, असे मी तिला सांगितले नाही. लेबल दुसऱ्यांदा वाचायला लावणारी भीती नर्सला हवीच. ज्याला कधीच भीती वाटत नाही, त्याच्या हातून मी तरी इंजेक्शन घेणार नाही. घात करते ती चूक लपवायला लावणारी भीती. पॅरासिटामॉलचेच पाहा. मोठी जादा मात्रा पोटात गेली, तरी पहिल्या दिवशी मूल बरे दिसू शकते. यकृताला इजा झाल्याचे नंतर कळते. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू केला तर सर्वांत जास्त उपयोगी पडतो. नर्स गप्प बसली, तर ते आठ तास हातातून जातात.

म्हणून चूक झालीच, तर क्रम ठरलेला असावा: आधी रुग्णाकडे पाहायचे, लगेच डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरला सांगायचे, मग घडले तसेच केसपेपरवर लिहायचे. खाडाखोड नको. आणि चूक होण्याआधी? योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच प्रश्न प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असतात. पण पाठ असणे वेगळे आणि रात्री तीन वाजता ते ओठांवर येणे वेगळे. फोनवर सांगितलेली मात्रा वहीत लिहून डॉक्टरांना परत वाचून दाखवावी. मुलांच्या औषधाचा हिशेब दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यावा.

आपल्या मुलींना इथेच अडचण येते. घरात पावरी किंवा भिलोरी, शाळेत मराठी, औषधांवर इंग्रजी. "पुन्हा सांगा" म्हटले, तर आपण अडाणी ठरू असे त्यांना वाटते. त्यात पाड्यावर सगळे "आमची डॉक्टरीण" म्हणतात, त्या कौतुकाचेही ओझे होते. मंडळीत वाढलेल्या मुलींच्या मनात आणखी एक गल्लत असते, चूक म्हणजे पापच. मी तिला म्हटले, बाटली चुकीची उचललीस यात पाप कुठले? दोन्ही बाटल्या एकाच ट्रेमध्ये होत्या.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका जास्त दिसत होत्या, आणि त्याचे तिला नवल वाटले. पुढे लक्षात आले, की तिथल्या नर्सना बोलायची भीती नव्हती, म्हणून चुका उघड होत होत्या. दुसरीकडे त्या दडून राहत. आपल्याकडे मात्र नव्या मुलीला पहिल्याच चुकीला सगळ्यांदेखत झापतात आणि मग ती सांगत का नाही, असे विचारतात!

होळीनंतर मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. इन्चार्ज सिस्टरने सगळे ऐकून घेतले. मनातून मी धास्तावलेच होते. त्या उठल्या, थेंबांच्या बाटल्या ट्रेमधून काढून वेगळ्या कप्प्यात ठेवल्या, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी आपण स्वतः कोणती चूक केली होती ते तिला सांगितले. पुढचा महिनाभर रात्रपाळीला तिच्यासोबत एक जुनी सिस्टर दिली.

परवा तिचा फोन आला. डॉक्टरांना मात्रा तिसऱ्यांदा विचारली म्हणून ते चिडले होते. "मग?" मी विचारले. "मग काय ताई, तिसऱ्यांदा सांगितली त्यांनी."