लिंबावरच्या अळ्या का मेल्या?

सांगलीहून एका ताईंनी विचारलंय : नर्सरीतून लिंबाचं रोप आणलं, कढीपत्त्यावरच्या पाच अळ्या त्यावर सोडल्या, दोन दिवसांत सगळ्या मेल्या. असं का?

पहिला संशय रोपावरच घ्यावा लागतो. रोप टवटवीत दिसावं म्हणून त्याला बऱ्याचदा औषध मारलेलं असतं. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं आंतरप्रवाही, म्हणजे मुळांतून पानापर्यंत पोचतात. पान कितीही धुवा, विष आतच असतं. दुसरं, कढीपत्ता खात वाढलेली अळी लिंबाला तोंड लावेलच असं नाही. ज्या झाडावर सापडली, त्याचाच पाला द्यायचा.

म्हणून अळीआधी झाड तयार करा. लिंबाचं बी पेरा. कढीपत्त्याच्या मुळांतून पिल्लं फुटतात, त्यातलं एक कुंडीत लावा, फुकटात बिनविषारी रोप! घर द्राक्षबागेला लागून असेल (तासगाव-मिरजेकडे हे आलंच) तर फवारणीचे तुषार वाऱ्यावर येतात, तेव्हा कुंडी आडोशाला हवी.

अंडी आणायला कुठं जायचं नाही. मादी पुढच्या पायांनी पान चाखते, झाड पटलं की कोवळ्या पालवीवर एकेक अंडं घालते. साधारण तीन-चार दिवसांत अळी निघते. सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याची शिट दिसते, त्यामुळं कितीतरी जण पुसूनच टाकतात. चार वेळा कात टाकली की हिरवीगार होते. हात लावलात तर डोक्यामागून लालसर-नारिंगी दुबेळकं शिंग काढते आणि वास सोडते. चावत-बिवत नाही.

ही हिरवी झालेली अळी मात्र भयंकर खादाड. आयुष्यभराच्या खाण्यातलं बहुतेक ती याच दिवसांत उरकते. हातभर रोपावर दोन-तीनच ठेवा. दहा ठेवल्या तर ऐन वेळी काड्याच उरतील.

बरणीत कोंडू नका, ओल धरते आणि बुरशी येते. कुंडीवर मच्छरदाणीचं कापड पुरे, मोठ्या परजीवी माश्याही त्यानं अडतात. एक कुंडी मात्र उघडीच ठेवा असं माझं म्हणणं. शिंप्यालाही पिल्लं भरवायची असतात!

अळी खाणं सोडून, पातळ शी करून भटकायला लागली की कोष करणार समजा. आत एक काडी तिरकी लावा. ती रेशमी धाग्याचा पट्टा कमरेला बांधून टेकते. फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख लोंबते ठेवून फुगवतं, तेव्हा खाली मोकळी जागा लागते. ती नसेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात, मग काही करता येत नाही. तास-दोन तास हात लावू नका. थंडीत कोष लवकर फुटला नाही तरी टाकू नका, कधीकधी तो बराच थांबतो.

साताऱ्यात जावळी-पाटणच्या बाजूला राहणाऱ्यांनी लिंबाची पालवी जरा जास्तच निरखावी. २०१५ साली राज्याचं फुलपाखरू ठरलेलं नीलवंत लिंबाच्याच जातीच्या झाडांवर अंडी घालतं. पण कासवरून, जंगलातून अळ्या उचलून आणायच्या नाहीत. कुंडी लावा, येतील त्या येतील.